दगडातला मासा खरा आहे का कसं ओळखायचं? आणि कोल्हापूरच्या आसपास असलं काही सापडतं का?

बावड्याचा_किरण

नमस्कार मंडळी, माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो तो गणपतीला आला होता, त्यानं माझ्या लेकीला एक दगड दिलाय. तळहाताएवढी फिकट बदामी रंगाची चपटी फरशी आणि तिच्यावर चॉकलेटी रंगाचा आख्खा मासा, डोकं, मणके, काटे, शेपटीची टोकं सगळं दिसतंय. सोबतच्या चिठ्ठीवर नाइटिया, वायोमिंग आणि 5 कोटी वर्षांपूर्वीचा असं लिहिलंय. लेक आठवीत आहे आणि डायनासोर म्हटलं की तिचं जेवणाकडंसुद्धा लक्ष नसतं, त्यामुळं घरात सध्या दुसरा विषयच नाही.

आता झालंय काय, ऑफिसातला एक मित्र म्हणतोय की हे सगळं प्लास्टरचं असतं, साच्यात ओतून रंगवतात. लेकीला हे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवायचंय, तिथं कुणी खोटं म्हटलं तर पोरीचं मन मोडणार. म्हणून विचारतोय, घरच्या घरी खात्री करता येते का? आमच्या आईनं तर मत्स्यावतार म्हणून देवघराजवळ ठेवून हळदकुंकू वाहायचं म्हटलंय, ते चालेल का दगडाला?

आणि दुसरं, लेक दिवाळीच्या सुट्टीत हातोडी घेऊन जोतिबाच्या डोंगरावर नाहीतर पन्हाळ्याला असला मासा शोधायला जायचं म्हणतेय. आपल्याकडं मिळतात का असले? जाणकारांनी सांगा प्लीज.

दगडधोंडे

किरणदादा, पहिल्यांदा लेकीचं अभिनंदन, चांगली भेट मिळालीय. मी शिकलो भूशास्त्र, नोकरी दुसऱ्याच क्षेत्रात करतो पण नाद सुटलेला नाही, त्यामुळं जरा लांबलचक लिहितो.

नाइटिया हा माशांचा नामशेष झालेला वंश आहे आणि जगात पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचे जे जीवाश्म पूर्ण सांगाड्यासकट मिळतात त्यांच्यात हा सगळ्यात जास्त मिळणाऱ्यांपैकी आहे. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केमरर नावाचं गाव आहे, त्याच्या जवळ एका जुन्या तळ्याचा गाळ दगड होऊन बसलाय. त्या तळ्याला आज फॉसिल लेक म्हणतात आणि त्या खडकांना ग्रीन रिव्हर फॉर्मेशन, हे खडक वायोमिंग, कोलोरॅडो आणि युटा असे तीन राज्यांत पसरलेत. वय साधारण 5 कोटी 20 लाख वर्षं, म्हणजे चिठ्ठीवरचं बरोबर आहे. 1907 मध्ये डेव्हिड स्टार जॉर्डन या मत्स्यशास्त्रज्ञानं वायोमिंग विद्यापीठातले प्राध्यापक विल्बर नाइट यांच्या नावावरून या माशाला नाव दिलं, आणि 1987 पासून नाइटिया हा वायोमिंगचा अधिकृत राज्य जीवाश्म आहे.

आता खऱ्याखोट्याचं. हा मासा तिथं इतका मिळतो की आख्खा खोटा बनवत बसणं कुणाला परवडत नाही, म्हणून सगळं प्लास्टरचंच असतं हे तुमच्या मित्राचं म्हणणं या माशाच्या बाबतीत सहसा खरं नसतं. पण एक गोष्ट सर्रास होते, ती म्हणजे दुरुस्ती. दगड फोडताना शेपटीचं टोक उडतं, एखादा पर तुटतो, मग विकणारा तेवढा भाग रंगानं काढून देतो. मोठ्या फरशीवर पाचसहा मासे सुरेख रांगेत दिसले तर ते वेगवेगळ्या तुकड्यांतनं आणून चिकटवलेले असू शकतात. तुमची एकमाशी फरशी आहे त्यामुळं तो प्रश्न कमी.

चांगलं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, आणि खिडकीपाशी उजेड तिरका पडेल असं धरा. खरं हाड किंचित उंच किंवा किंचित खोल असतं, त्याला चकाकी असते, भेगा असतात, मणक्यांच्या मध्ये बारीक फट दिसते. रंग दगडाच्या कणांवर सपाट बसलेला असतो, त्याला जाडी नसते आणि ब्रशच्या रेघा दिसतात. पृष्ठभागावर बारीक गोल खड्डे दिसले तर ते ओतकामात अडकलेले हवेचे बुडबुडे, मग संशय घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फरशीची कड बघा. खऱ्या दगडात फिकट आणि गडद असे वहीच्या पानांसारखे पातळ थर एकावर एक दिसतात. फिकट थर चुन्याचा आणि गडद थर सेंद्रिय द्रव्याचा. पूर्वी एक जोडी म्हणजे एक वर्ष असं धरायचे, आता सरसकट तसं धरत नाहीत. प्लास्टरमध्ये हे थर कुठनं आणणार.

मागच्या बाजूला करवतीच्या रेघा असतील तर घाबरू नका, फरश्या तशाच कापतात.

हळदकुंकवाचं म्हणाल तर आईंची भावना मोडू नका पण थेट दगडावर वाहू नका. चुनखडी सच्छिद्र असते, हळद आत मुरली की निघत नाही. समोर छोटी वाटी ठेवा आणि फूल त्यात वाहा. पाण्यानं धुणं, तेल लावणं, वॉर्निश मारणं हेही नको.

पन्हाळा_भटक्या

मी असं ऐकलंय की व्हिनेगर टाकायचं, फेस आला तर खरा. नाहीतर सुई तापवून टोचायची, वितळलं तर प्लास्टिक. सोपं काम आहे, दोन मिनिटांत निकाल.

दगडधोंडे

भटक्या भावा, रेझिन पकडायला लोक तापलेली सुई वापरतात हे खरं आहे, पण माशावर कुठंही टोचू नका. खऱ्या नगालासुद्धा तडकू नये म्हणून पातळ गोंद पाजलेला असतो, तो जळला की डाग कायमचा. व्हिनेगरचं म्हणाल तर फेस आला म्हणजे दगड चुनखडीचा आहे एवढंच कळतं, वरचा मासा खरा की रंगवलेला ते कळत नाही, आणि जिथं थेंब पडतो तिथला दगड खाल्ला जातो. अगदीच करायचं तर मागच्या बाजूला कोपऱ्यात एक थेंब, लगेच टिपून घ्यायचा. नेलपॉलिश रिमूव्हरनं रंग निघतो हेही खरं आहे पण त्यानं गोंदही निघतो आणि हाडाचे कण सुटतात. भिंगानं होतंय ते भिंगानंच करू या.

रत्नागिरीची_सून_कोल्हापुरात

मी भूशास्त्रातली नाही पण मत्स्यशास्त्रात एमएस्सी केलंय आणि माहेर समुद्रकाठचं, म्हणून माशाबद्दल सांगते. नाइटिया हा हेरिंगच्या कुळातला, म्हणजे आपली तारली ज्या कुळातली त्याच कुळातला धरतात. किरणभाऊ, लेकीला घेऊन मच्छी मार्केटला जा आणि एक ताजी तारली घ्या. तिच्या पोटाच्या खालच्या कडेवरनं शेपटीकडून डोक्याकडं हळूच बोट फिरवायला सांगा, करकर लागतं. पोटाच्या कडेला कठीण टोकदार खवल्यांची एक रांग असते ना, ती लागते. नाइटियालासुद्धा पोटाखाली अशी रांग आहे आणि शिवाय डोक्यापासून पाठीच्या परापर्यंत वरच्या कडेलाही आहे. तुमच्या दगडावर पोटाची कड भिंगानं बघा, हाडांच्या बारीक टोकांची ओळ दिसायला पाहिजे. कुणी हातानं रंगवताना असले बारकावे कशाला काढत बसतंय, म्हणून मला ही खूण फार भरवशाची वाटते.

अजून एक, त्याच दगडात डिप्लोमिस्टस नावाचा मासा पण मिळतो आणि त्याचं पिल्लू नाइटिया म्हणून खपून जातं. त्याचं तोंड वरच्या दिशेनं वळलेलं असतं आणि पोटाखालचा मागचा पर, गुदपर म्हणतात तो, लांबलचक शेपटीपर्यंत गेलेला असतो. नाइटियाचा तो पर आखूड असतो. लेकीला हे दोन फरक पाठ करायला सांगा, प्रदर्शनात कुणी विचारलं तर पोरगी फाडफाड सांगेल.

नाइटिया लहान मासा होता, बरेचसे नमुने बोटाएवढेच मिळतात, आणि कळपानं राहायचा. त्यामुळं त्या तळ्यात सगळ्यांचं जेवण तोच. मोठ्या माशांच्या पोटात नाइटिया सापडलेत, आणि मायोप्लोसस नावाच्या शिकारी माशाचे असे जीवाश्म आहेत की तोंडात अर्धा गिळलेला मासा तसाच अडकलाय. घास घशात अडकून दोघंही मेले आणि दोघंही दगडात राहिले. मी फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा किती तरी वेळ त्यावरनं नजर हटत नव्हती.

बावड्याचा_किरण

ताई, दादा, मनापासून आभार. लेक शेजारी बसून सगळं वाचतेय. तिचा प्रश्न आहे की मासा मेला की कुजतो, दुसरे मासे खातात, मग हे एवढे आख्खे सांगाडे राहिले कसे? आणि एकाच फरशीवर शेकडो मासे असलेले फोटो नेटवर दिसतात ते सगळे एकदम कसे मेले?

दगडधोंडे

प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलाय बाळानं. दोन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक म्हणजे तळ्याचा तळ असा पाहिजे की तिथं कुजवणारं, कुरतडणारं फारसं कुणी नाही. फॉसिल लेकच्या खोल भागात तळाशी ऑक्सिजन नव्हता असं मानतात, त्यामुळं खेकडा, गोगलगाय, किडा असलं कुणी तिथं जगत नव्हतं. दुसरं म्हणजे वरनं सतत चुन्याचा अतिशय बारीक गाळ खाली बसत होता. मेलेला मासा तळाला गेला की त्याच्यावर हळूहळू पांघरूण पडायचं आणि काटान्‌काटा जागेवर राहायचा. नंतर वरच्या थरांच्या वजनानं सगळं चपटं झालं, म्हणून मासा एका कुशीवर पसरलेला दिसतो.

एकदम मरण्याचं कारण एकच सांगता येत नाही. तळ्यातलं पाणी हवामान बदललं की वरखाली घुसळतं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं, किंवा शेवाळ बेसुमार वाढून पाण्यातला ऑक्सिजन संपतो, असे अंदाज आहेत. आपल्याकडं उन्हाळ्यात पंचगंगेत मासे मरून तरंगतात तेव्हा तिथं कारण बहुतेकदा सांडपाणी असतं, पण शेवटी माशाचा जीव जातो तो ऑक्सिजन संपल्यानंच. लेकीनं ते बघितलं असेल तर तिला लगेच समजेल.

आणि त्या तळ्याच्या काठी काय काय होतं ते प्रदर्शनाच्या तक्त्यावर जरूर लिहा. आज केमररला हिवाळ्यात जबरदस्त बर्फ पडतं, पण त्या काळी तिथं ताडाची झाडं होती, मगरी होत्या, गोड्या पाण्यातले पाकट मासे होते, आणि जगातल्या सगळ्यात जुन्या पूर्ण वटवाघळांच्या सांगाड्यांपैकी काही तिथलेच आहेत. या सगळ्यासाठी 1972 मध्ये तिथं फॉसिल ब्यूट हे राष्ट्रीय स्मारक केलंय. स्मारकाच्या हद्दीत लोकांना खणता येत नाही, पण आसपास खासगी खाणी आहेत, तिथं पैसे भरून स्वतः फरश्या फोडता येतात. राज्याच्या जमिनीवर परवाना घेऊन काढायचं झालं तर नाइटियासारखे नेहमीचे मासे परवानाधारकाला ठेवता येतात आणि दुर्मिळ काही निघालं की ते राज्याचं.

भूगोलवाले_सर

जोतिबा आणि पन्हाळ्याचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो आणि दरवर्षी कुणीतरी हेच विचारतं.

कोल्हापूरच्या आजूबाजूला जो काळा दगड आहे, ज्यानं आपली अंबाबाईची, खिद्रापूरची देवळं बांधलीत, तो बेसॉल्ट आहे. जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थंड होऊन हा दगड झाला. दख्खनचे हे थर साधारण 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत. वितळलेल्या दगडात मासा टिकणार कसा, तो जळूनच जाणार. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, तो या बेसॉल्टचंच ऊनपावसात कुजून झालेलं रूप, त्यातही मासा नाही. दक्षिणेला बदामीकडं गेलं तर लाल वालुकाश्म लागतो, तो गाळाचाच खडक, पण इतका जुना की तेव्हा पृथ्वीवर मासे जन्मालाच आले नव्हते.

मुलांना एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. हा लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे किरण, तुमच्या लेकीच्या हातातला मासा जिवंत पोहत होता तेव्हा जोतिबाचा दगड थंड होऊन कोटभर वर्षं उलटून गेली होती, आणि भारताचा तुकडा उत्तरेकडं सरकत आशियाला भिडायच्या बेतात होता, हिमालय उभा राहायचा होता. लोकांना वाटतं जीवाश्म म्हणजे सगळ्यात जुनी वस्तू. आपल्या पायाखालचा दगड त्यापेक्षा जुना आहे हे कळलं की पोरांचे डोळे मोठे होतात.

मात्र दख्खनमध्ये जीवाश्म अजिबात नाहीत असंही नाही. एक लाव्हा थांबला आणि दुसरा यायच्या आत मध्ये जो काळ गेला त्यात कुठं कुठं तळी साचली, त्यांचा गाळ दोन थरांच्या मध्ये अडकून राहिला. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले, रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पण कोल्हापूरच्या डोंगरात लेकीला मासा मिळेल अशी आशा लावू नका. त्यापेक्षा रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक बघा, एखादा खाली पडलेला तुकडा उचलला तरी भागतं. हातोडी घरी ठेवा, गडावर आणि देवस्थानाच्या जागेत तर नकोच.

सिरोंचाकर

सरांनी कोल्हापूरचं बरोबर सांगितलं पण महाराष्ट्रात मासे नाहीत असं कुणी समजू नका. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याचा, आता नोकरीमुळं कोल्हापुरात असतो. आमच्याकडं प्राणहिता नदीच्या काठी कोटा नावाचं गाव आहे, तिथल्या चुनखडीत ज्युरासिक काळातले मासे मिळालेत, आणि ते या नाइटियापेक्षा कितीतरी जुने आहेत. जगभर भूशास्त्रात कोटा फॉर्मेशन म्हणून आमच्या गावचं नाव घेतात आणि आपल्याच राज्यात कुणाला माहिती नसतं याचं फार वाईट वाटतं.

त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे लेपिडोटस. त्याच्या अंगावर आजच्या माशांसारखे पातळ खवले नव्हते, जाड चौकटी खवले होते आणि वर दाताच्या इनॅमलसारखा चकचकीत थर. दगडात सांगाड्यापेक्षा हे खवलेच आधी डोळ्यात भरतात, ऊन पडलं की काळे चमकतात. दात गोल बटणासारखे, कठीण कवचाचं भक्ष्य चिरडण्यासाठी. याच वंशाच्या माशांचे दात युरोपात मिळायचे तेव्हा लोकांना वाटायचं हे बेडकाच्या डोक्यातले मणी, विषावर उतारा म्हणून अंगठीत घालायचे.

आमच्या लेपिडोटसचं नाव लेपिडोटस डेक्कनेन्सिस. 1851 मध्ये कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पठारावरचा जीवाश्म मासा म्हणून लंडनला तो जाहीर केला आणि सर फिलिप एजर्टन यांनी त्याचं वर्णन लिहिलं. मत्स्यशास्त्रवाल्या ताईंना साइक्स माहीत असतील, कृष्णेच्या खोऱ्यातल्या महाशीर माशाचं, टॉर खुद्रीचं, वर्णन त्यांनीच 1839 मध्ये केलंय. त्याच कोटा थरांतनं पुढं बारापासॉरस हा मोठा डायनासोर निघाला, त्याचा सांगाडा कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. लेक डायनासोरवेडी आहे म्हणून हे खास सांगतोय.

सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथं प्रामुख्यानं झाडांचे दगड झालेले ओंडके बघायला मिळतात. कधी आलात तर बघा, फोटो काढा, पण एकही तुकडा उचलू नका. जो दगड जागेवरून हलला त्याचा थर कुठला हे कळायचं राहून जातं, मग तो अभ्यासाला निम्माही उपयोगाचा राहत नाही.

रत्नागिरीची_सून_कोल्हापुरात

सिरोंचाकर दादा, साइक्सचं नाव मी अभ्यासात दहा ठिकाणी वाचलंय पण हा जीवाश्मही त्यांनीच जाहीर केला हे आज कळलं. आता प्रदर्शनात दोन मासे शेजारी शेजारी दाखवा, खरा नाइटिया आणि लेपिडोटसचं चित्र. पातळ खवले आणि जाड चौकटी खवले, हा फरक पोरांना लगेच कळतो.

बावड्याचा_किरण

अपडेट देतो. मित्राकडनं घड्याळ दुरुस्तीचं भिंग आणलं आणि काल संध्याकाळी गॅलरीत बसून बघितलं. कडेला थर आहेत, एकदम बारीक, फिकट गडद फिकट गडद. पोटाच्या कडेला ताईंनी सांगितलेली टोकांची ओळ आहे, लेकीनंच पहिल्यांदा बघितली आणि ओरडली. मणके सुटे सुटे दिसतात, डोक्याचं हाड एका बाजूला चिरलंय. तोंड सरळ आहे आणि मागचा पर आखूड आहे म्हणजे डिप्लोमिस्टस नाही. पण शेपटीचा खालचा फाटा वेगळा वाटतो, तिथं रंग एकसारखा आहे, रेघा नाहीत आणि तिरक्या उजेडात काहीच उंचवटा दिसत नाही. म्हणजे तेवढं रंगवलंय का? मग हा मासा खोटा धरायचा का?

सिरोंच्याचं वाचून लेक आता नकाशा घेऊन बसलीय. तारलीचा प्रयोगही झाला, बोट फिरवून झालं आणि मग आईनं तिचं कालवण केलं.

दगडधोंडे

तुम्ही सांगताय त्यावरनं मासा खरा आहे आणि शेपटीचा एक फाटा दुरुस्त केलाय. यात काही वावगं नाही, म्युझियममध्येसुद्धा दुरुस्त केलेले नमुने असतात, फक्त तिथं ते लिहून ठेवलेलं असतं. प्रदर्शनाच्या पाटीवर तुम्हीही सरळ लिहा की शेपटीचा खालचा भाग रंगवलेला आहे. परीक्षकांना विचारायच्या आधीच पोरगी दाखवेल तर तिचा अभ्यास किती पक्का आहे ते त्यांना दिसेल. भिंगही टेबलावर ठेवा, येणाऱ्या प्रत्येक मुलाला कड आणि शेपटी बघू द्या, पण दगड हातात देऊ नका, पडला की थरांवर सुटतो.

ठेवायचं म्हणाल तर काचेच्या झाकणाची पेटी करा, खाली फोम घाला आणि पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाका, आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते ती दगडातही उतरते. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची, बस्स.

आणि मावसभावाला आजच फोन करा. कुठल्या खाणीतला आहे, स्वतः फोडला की दुकानात घेतला, कधी, हे विचारून घ्या. चिठ्ठी हरवली की वर्षभरात कुणाला आठवत नाही. ते सगळं एका कागदावर लेकीच्या अक्षरात लिहा: नाइटिया, ग्रीन रिव्हर फॉर्मेशन, केमररजवळ, वायोमिंग, खाण कुठली, कुणी दिला, तारीख, दुरुस्ती कुठं. कागद पेटीच्या तळाशी चिकटवा आणि त्याचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा. शेपटीचा जवळून फोटो निघाला तर इथं टाका, मलाही बघायचाय.